बापानं मोडलेली काडी

माझ्या बापाला आता कुणी बोलवायला येत नाही, हे मला वहिनीनं फोनवर सांगितलं. मी विभागाच्या व्हरांड्यात चहा पीत उभी होते. वहिनी आधी शेळ्यांचं बोलली, मग मक्याचं, मग शेजारच्या सुनेचं. मग म्हणाली, "ताई, बा फेटा बांधतच नाय आता. खुंटीलाच हाय."

"आजारी आहे का?"

"आजारी कशाचा? भाकर खातो, बिडी पितो. बोलवणंच येत नाय कुणाचं. तुमची ती कविता पुस्तकात आली ना, तवापासनं."

थोड्याच वेळात माझा तास होता, सर्जनशील लेखनाचा. जे सांगायची भीती वाटते तेच लिहा, असं मी त्या दिवशी मुलांना सांगणार होते. ते मी सांगितलंही. दुसरं काही तयार करून नेलं नव्हतं.

फेट्याचं सांगायला हवं. बाप रानात जाताना डोक्याला टॉवेल गुंडाळतो. फेटा फक्त भांजगडीला. शहरातल्या मराठीत भांजगड म्हणजे नसती कटकट. आम्हा भिल्लांत भांजगड म्हणजे ती कटकट मिटवायला भरलेली बैठक, आणि दोन्ही बाजूंच्या मधे बसून ती मिटवतो तो भांजगड्या. कन्नड तालुक्यातल्या घाटावरच्या आमच्या पाड्यांत कुणाची पोरगी पळाली, कुणाचं लग्न मोडलं, कुणाच्या बैलांनी कुणाची ज्वारी खाल्ली, की लोक माझ्या बापाकडं यायचे. पोलीस ठाणं नंतर. बहुतेक वेळा नंतरही नाही.

बैठक दोन पाड्यांच्या शिवेवर भरते, झाडाखाली. दोन्ही बाजू समोरासमोर बसतात, पण एकमेकांशी बोलत नाहीत. बोलायचं ते भांजगड्याशी. तो इकडचं बोलणं तिकडं नेतो, तिकडचं इकडं आणतो. अंतर एवढं थोडं असतं, की सगळ्यांना सगळं ऐकू येतच असतं, शिव्यासुद्धा. पण भांजगड्यानं आणून दिल्याशिवाय ते ऐकलं असं धरायचं नाही. आणि चांगला भांजगड्या शिवी जशीच्या तशी आणत नाही. धुऊन आणतो.

लहानपणी मी बैठकीत पाण्याची कळशी घेऊन फिरायची. एकदा एक जण ओरडला, "त्या चोट्याला सांग, परत माझ्या बांधावर दिसला तर तंगडी मोडीन." बाप उठला. तो मुद्दाम हळू चालायचा. समोर जाऊन बसला, बिडी शिलगावली आणि म्हणाला, "ते म्हणत्यात, तुमच्या पायांना आमच्या वाटंची लई सवय झाली. आता वाटंला जरा इसावा द्या." समोरचा माणूस शिवी ऐकून लाल झालेला होता. तो हसला. म्हणाला, "देतो इसावा."

सगळं ठरलं की कुसळी गवताची वाळकी काडी आणतात. एक टोक या बाजूच्या हातात, दुसरं त्या बाजूच्या. भांजगड्या ती मधोमध मोडतो आणि तुकडे दगडाखाली ठेवतो. मग पळसाच्या एकाच द्रोणातून सगळे मोहाची घेतात. त्यानंतर ती गोष्ट मेली. ती उकरायची नाही. घरात नाही, भांडणात नाही, दारू पिऊनही नाही. आणि कुणी उकरलीच, तर त्याचा बोल उकरणाऱ्याला लागत नाही, भांजगड्याला लागतो. त्याची काडी कच्ची निघाली. कच्च्या काडीच्या माणसाकडं दुसरा कोण कशाला जाईल?

माझ्या बापाची काडी मी कच्ची केली, असं सगळा घाट म्हणत होता. मी तसं म्हणत नव्हते. अजूनही म्हणत नाही.

*

भाव करायला मी बापाकडून शिकले नाही, आईकडून शिकले. आई घाटातल्या वळणावर सीताफळांच्या पाट्या घेऊन बसायची. गाडी थांबली की आपण आधी भाव सांगायचा नाही. गिऱ्हाईक पाठ फिरवून निघालं की हाक मारायची नाही. सगळ्यात पिकलेलं फळ वर ठेवायचं नाही, कारण ते दाबून बघतात आणि मग सगळ्या पाटीला नावं ठेवतात. आई गेली, पण आजही कुणी माझ्याशी गोड बोलायला लागलं, की मी आधी त्याचे हात बघते, ते काय दाबताहेत ते.

विद्यापीठातली नोकरी मी अशीच मिळवली. मुलाखतीत एका जाणत्या माणसानं विचारलं, "आदिवासी कवितेत जंगल असतंच, नाही का?" मी म्हटलं, "तुमच्या कवितेत फ्लॅट असतोच का, सर?" बाकीचे हसले, तो हसला नाही. मला वाटलं, गेली नोकरी. पण मला घेतलं. पुढं कळलं, त्याच्यावर राग असलेले तिथं बरेच होते.

घेतल्यावर विभागप्रमुखांनी मला खुर्चीत बसवून विचारलं, "मॅडम, संशोधन कशावर करणार? लोकगीतं? म्हणी?" लोकगीतं सगळेच गोळा करतात. मी म्हटलं, "भांजगडीतलं बोलणं. शिवीचं धुणं. ती कविताच आहे." त्यांचे डोळे चमकले. "वा! आणि तुमचे वडील तर तेच काम करतात! म्हणजे घरचंच सगळं." घरचंच म्हणजे फुकट, असा त्याचा अर्थ मला तेव्हाच कळला. पण विषय माझा होता, आणि माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला तो जमणार नव्हता. मी हो म्हटलं. आदिवासी दिन आला की तेच प्रमुख मला पहिल्या रांगेत बसवून "आपल्या मातीतल्या कवयित्री" म्हणतात. एरवी विभागाच्या बैठकीत माझी खुर्ची दाराशी असते.

*

आता माझ्या लग्नाचं. बारावी झाले आणि दुसऱ्या पाड्यावर दिली. तिथं फार दिवस टिकले नाही. एका सकाळी अंगावरच्या लुगड्यानिशी चालत घाट तुडवत घरी आले. त्या घरात काय झालं ते मी इथं लिहिणार नाही. का लिहिणार नाही, ते पुढं येईल.

रीतीप्रमाणं भांजगड बसायला हवी होती. आपल्याच घरची भांजगड भांजगड्यानं करायची नसते. दुसऱ्या पाड्यावरचा बोलवतात. पण माझ्या सासऱ्यानं निरोप धाडला, "आम्हाला दुसरा कुणी नको. तुमच्याच शब्दावर सोडतो." यापेक्षा मोठा मान भांजगड्याला नसतो. समोरचा, ज्याचं तुझ्याशी भांडण आहे तो, तुलाच न्याय करायला बसवतो. बापाला तो मान सोडवला नाही. त्यानं फेटा बांधला.

मला ती बैठक पुरती आठवते. समोर सासरा, दीर, त्यांचे भाऊबंद. मधे बाप. आणि आमच्या बाजूला मी, मागं नुसता बसलेला एक चुलता. भाऊ तेव्हा ऊसतोडीला गेलेला. आईला बायकांत बसवलं होतं. माझ्या बाजूनं बोलायला जो हवा होता तो मधे बसला होता, आणि मधे बसलेल्याला बाजू नसते. बाप माझ्याकडं यायचा तोही परक्यासारखा, हळू चालत. "ते म्हणत्यात, पोर कामाला उशिरा उठायची." मी ओरडले, रडले, नको ते बोलले. बापानं ते सगळं धुतलं. इतकं स्वच्छ धुतलं, की पलीकडं पोचलं तेव्हा त्यात माझं काही राहिलंच नव्हतं. दापा, म्हणजे लग्नात मुलाकडून आलेली रक्कम, परत गेला. काडी मोडली. मोहाचा द्रोण फिरला. बाप घरी येताना आईला म्हणाला, "छान झालं. कुणाचं मन मोडलं नाय."

माझं मन त्यानं मोजलंच नव्हतं. मी मुलगी होते ना भांजगड्याची. घरचंच सगळं.

*

पुढं मी शिकले. वसतिगृहात राहिले, कन्नडच्या बाजारात सीताफळं विकली, शाळेत शिकवलं, मग शहरात आले. इथं एका मुस्लिम बाईंच्या घराच्या वरच्या मजल्यावर खोली मिळाली. बाकीच्यांनी जात विचारून दार लावलं होतं. या बाईंनी फक्त विचारलं, "गच्चीपे कपडे सुखाना है या झगडे करना है?" मी म्हटलं, दोन्ही. त्या गच्चीवर मी ती कविता लिहिली, त्या सासरच्या घराची. मराठीत लिहिली, आमच्या बोलीत नाही. संग्रहात आली, लोकांनी वाखाणली, आणि पुढं पदवीच्या पुस्तकात लागली.

घाटावर ती पोचली कशी, ते ऐका. त्याच सासरच्या घरातली एक पोरगी, दिराची मुलगी, कन्नडच्या कॉलेजात शिकत होती. पुस्तकात आपल्या समाजातल्या बाईची कविता आहे, याचा तिला अभिमान वाटला. तिनं अंगणात बसून सगळ्यांना ती मोठ्यानं वाचून दाखवली. माझं लग्न मोडलं तेव्हा ती लहान होती. कुणाबद्दल आहे ते तिला माहीतच नव्हतं. निम्मी वाचून झाली तेव्हा तिच्या आजोबानं पुस्तक हातातनं काढून घेतलं. त्यानंतर तिचं कॉलेज बंद झालं.

आणि माझ्या बापाचा फेटा खुंटीला गेला. कुणी भांडलं नाही, कुणी काही बोललं नाही. फक्त बोलवणं आलं नाही. गावानं आधीच लांब ठेवलेल्या भिल्लाला आपलेच वाळीत टाकताहेत हे कळायलाही वेळ लागतो.

*

विभागप्रमुख अधूनमधून विचारायचे, "मॅडम, रेकॉर्डिंग किती झालं? एखादी तरी पूर्ण बैठक हवी. नाहीतर हे संशोधन म्हणजे नुसती आठवण होईल." बरोबरच होतं. माझ्याकडं बैठक नव्हती. ज्याचं बोलणं मला नोंदवायचं होतं त्याचं तोंड माझ्याच कवितेनं बंद झालं होतं. हे प्रमुखांना सांगितलं असतं, तर त्यांनी त्यावरही एक चर्चासत्र घेतलं असतं.

मी एसटीनं कन्नडला गेले, तिथून जीपनं वर. साखर कारखान्याच्या मळीचा वास पार घाटापर्यंत आला होता. बाप ओट्यावर बसून दोरी वळत होता. आमचं बोलणं आमच्या बोलीत झालं. इथं मी ते कन्नडकडच्या मराठीत लिहिते.

"आलीस?"

"आले. फेटा का काढलास?"

"काढला कुठं? बांधला नाय."

"माझ्यामुळं?"

त्यानं दोरीला पीळ दिला. "कवितेत नाव नाय ना कुणाचं?"

"नाही."

"मग बरं हाय की. लोकांना काय, ते कायबी म्हणत्यात."

बघा, मलासुद्धा धुऊनच देत होता. मला राग आला. मी म्हटलं, "बा, ती गोष्ट माझी होती. तू मोडलीस काडी, मी नाही. माझ्या हातात टोक दिलं होतंस का? माझ्या वतीनं टोक कुणी धरलं होतं?"

त्याला आठवेना. खरंच आठवेना. मग वहिनी आतून म्हणाली, "चुलत्यानं धरलं हुतं. सासूबाईंनी सांगितल्यालं मला."

"म्हणजे मी ती पाळायला बांधलेली नाही," मी म्हटलं.

बापानं दोरीची सुटलेली टोकं जुळवली. मग म्हणाला, "कायदा बरोबर हाय तुझा. पण लोक कायद्यानं बोलवत नाय. भरवशानं बोलवत्यात."

"मग परत बसवू भांजगड. कवितेची. त्यांना काय हवं ते मागू दे. मी करीन भाव."

"मी नाय बसत मधे," बाप म्हणाला. एवढ्या वर्षांत तो काही तरी नको म्हणाला, असं हे पहिलंच. "ह्या वक्ताला नाय."

"मग कुठं बसशील?"

त्यानं दोरी बाजूला ठेवली. "तुझ्या बाजूला. आनखी कुठं?"

हे वाक्य मला बारावी झाल्यावर हवं होतं. तेव्हा मिळालं असतं, तर कदाचित कविता लिहिलीच नसती. पण मिळालं ते घेतलं. गिऱ्हाईक वळून आलं की भाव वाढवायचा नाही, हेही आईनंच शिकवलेलं.

*

मधे बसायला दुसऱ्या पाड्यावरचा एक तरुण माणूस बोलावला. सरपंचकीला उभा राहिलेला, पांढऱ्या शर्टातला, खिशाला दोन पेनं. सासरच्यांची पहिली अट, फोन बंद करून टोपलीत ठेवायचे. सगळ्यात आधी माझा मागितला. मी दिला. सासरा फार म्हातारा झाला होता. दीर होता. ज्याच्याशी माझं लग्न झालं होतं तो आला नव्हता. बाप टॉवेल गुंडाळून माझ्या शेजारी बसला. सगळ्यांदेखत माझ्या बाजूला कुणी बसण्याची मला सवय नव्हती. मी जरा सरकून बसले.

तरुण भांजगड्या तिकडं गेला, ऐकलं, आणि तरातरा चालत आला. तो चालतानाच बापानं मान हलवली. कारण तो भरभर चालत होता. येऊन त्यानं उभ्यानंच सांगितलं, "ते म्हणत्यात, तुमची पोर पुस्तकात बसून आमच्या अंगणात थुकली."

जसंच्या तसं. बाप माझ्या कानाशी पुटपुटला, "आरं, हे असं आणायचं नसतं." पण मी तोवर उठलेच होते.

"त्यांना सांग, अंगण आधी झाडून घ्या म्हणावं! ज्या अंगणात माणसाला कुत्र्यावाणी..."

बापाचा हात माझ्या गुडघ्यावर आला. त्यानं मला खाली ओढलं नाही, नुसता हात ठेवला. मग तो त्या तरुणाला म्हणाला, आणि त्याचा आवाज तोच होता, जुना, बैठकीतला:

"सांग, पोर म्हणते, ती थुकी न्हवती. तहान हुती. तिनं पानी मागितलं तवा दोनी घरातलं कुणी भाईर आलं नाय. म्हणून आवाज मोठा करावा लागला."

दोन्ही घरातलं, म्हणाला. त्यांच्या आणि आपल्या.

समोर सगळ्यांनी ऐकलंच होतं, पण रीत म्हणून त्या तरुणाला ते घेऊन जावं लागलं. तो गेला आणि त्यानं ते कसंबसं म्हटलं, मधलं विसरला, परत मागं वळून बापाकडं बघितलं. कुणीतरी हसलं. सासरा हसला नाही. तो जमिनीकडं बघत होता. मग त्यानं मान वर केली आणि रीत मोडून थेट आमच्याकडं बघून बोलला.

"सोयरे, ह्या पोराच्या तोंडी हा शब्द शोभत नाय. ज्याचा हाय त्यानंच आणावा."

बाप हलला नाही.

"आवो, या की. किती दिस बसणार तिकडं? आमच्या घरातबी दोन भांडणं तुंबलीत तुमच्यावाचून."

आता सगळे हसले, आमच्याकडचेही. पांढऱ्या शर्टातला तरुण तर सुटल्यासारखा बाजूला झाला. कुणीतरी आपल्या डोक्याचा फेटा सोडून पुढं केला. बापानं माझ्याकडं बघितलं. विचारलं नाही, नुसतं बघितलं. मला कळत होतं, मी नको म्हटलं असतं तर तो बसला असता. आणि मग तो कायमचा माझ्या बाजूलाच बसून राहिला असता, खुंटीला फेटा, हातात दोरी.

मी म्हटलं, "जा."

तो उठला, धोतर झटकलं, फेटा बांधला आणि मधे जाऊन बसला. माझ्या शेजारची जागा पुन्हा रिकामी झाली.

मग भाव सुरू झाला, आणि तो मी सोडला नाही. त्यांनी मागितलं, कविता पुस्तकातून काढा. मी म्हटलं, छापलेलं माझ्या हातात नाही, आणि असतं तरी काढलं नसतं. ते म्हणाले, मग तुमच्या तोंडून ती पुन्हा यायला नको. वाचायची नाही, शिकवायची नाही, अर्थ सांगायचा नाही. त्या घरातलं काही पुन्हा लिहायचं नाही. यावर मी खूप अडून बसले. बाप हळूहळू चालत इकडून तिकडं जात होता. शेवटी मी ते दिलं, आणि बदल्यात दोन गोष्टी घेतल्या. एक, त्यांच्या पोरीचं कॉलेज पुन्हा सुरू करायचं. दुसरी, ही आजची बैठक मला सांगता यावी, लिहिता यावी. यावर त्यांच्यात बरीच कुजबुज झाली. बाप परत आला. "ते म्हणत्यात, लिहा. फकस्त नाव कुणाचं नको."

म्हणून इथं कुणाचं नाव नाही. माझंसुद्धा नाही.

या वेळी काडीचं टोक मी स्वतः धरलं. वाळकी कुसळ होती, बोटाला टोचली. बापानं ती मोडली. तुकडे दगडाखाली ठेवले. द्रोण फिरला तेव्हा मी पण एक घोट घेतला.

*

परत आले तेव्हा घरमालकीणबाई खाली तांदूळ निवडत बसल्या होत्या. "फैसला हुआ?"

"हुआ."

"फिर मुँह कायकू ऐसा?"

मी म्हटलं, फैसला चांगला झाला म्हणून. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि तांदळातला खडा काढून बाजूला टाकला.

वहिनीचा फोन आला, बापाचा फेटा आता खुंटीला टिकतच नाही. आज या पाड्यावर, उद्या त्या. मी बापाला फोन केला. म्हटलं, "बा, पुढच्या बैठकीला मी येऊ? फोन ठेवून नुसतं ऐकीन. माझ्या कामाला लागतं."

पलीकडं तो शेळ्यांना हाकलत होता. मग तो म्हणाला, "पोरी, तू आली की लोक खोकत्यात नुसते. बोलत नाय. त्यांना वाटतं, आपली गोष्ट पुस्तकात जाईल."

"मी नाही लिहिणार."

"मला ठाव हाय," तो म्हणाला. "मी सांगीन त्यांना तसं." सांगितलं असेल त्यानं, आणि चांगलं धुऊन सांगितलं असेल. बोलवणं मला आलं नाही. बापाला त्याची बैठक परत मिळाली, आणि त्या बैठकीला माझ्यासाठी दार नाही. एकदाच, एका दुपारी, मी त्याचं सगळ्यात चांगलं बोलणं ऐकलं, आणि तेव्हा माझा फोन टोपलीत होता. ते वाक्य मी इथं लिहिलंय. एका वाक्यावर संशोधन होत नाही, असं प्रमुख म्हणाले. "विषय बदलून बघू या, मॅडम. लोकगीतं?" मी दाराशी माझ्या खुर्चीत बसले होते. मी म्हटलं, "बघू." भाव कसा करावा हे मला येतं, पण आपल्याकडं विकायला काही नसलं की भाव करता येत नाही.

या सत्रात ती कविता आमच्याही वर्गात आली. टाळता आली नाही, पुस्तकात आहे. देवगाव रंगारीची एक मुलगी पुढच्या बाकावर बसते. तोंडाची फटकळ, म्हणून माझी आवडती. ती म्हणाली, "मॅडम, स्वतःची कविता स्वतःच वाचा ना. आम्ही कुणाकुणाचं ऐकायचं?"

"तू वाच."

"मी वाचली तर वाट लावीन."

"लाव."

तिनं वाचली. बरी वाचली. मी खिडकीशी उभी राहिले. बाहेर माळी गुलमोहराच्या फांद्या तोडत होता. वाचून झाल्यावर ती म्हणाली, "मॅडम, शेवटी ती बाई गप्प का बसते? घाबरली म्हणून?"

मागून एक मुलगा म्हणाला, "घाबरली नाही गं. तिनं माफ केलं. सोशिक असतात त्या बायका."

"माफ केलं का, मॅडम?"

सगळा वर्ग माझ्याकडं बघत होता. मुलानं सांगितलेला अर्थ चूक होता. इतका चूक, की माझ्या हाताची मूठ वळली. त्याला उत्तर देणारी या वर्गात, या शहरात, मी एकटीच होते. आणि काडीचं टोक या वेळी मीच धरलं होतं.

मी खडू उचलला. म्हटलं, "पुढची कविता काढा."